अकरा चेंडू भिंतीपलीकडे

"अजून किती गं?" गोलपोस्टमधून डिंकी ओरडली.

"संपतच आलंय!" मैदानाच्या कडेला पाय पसरून बसलेली वकील ओरडली. ती संघातलीच; सारखी नियम आणि पुरावे काढते म्हणून मुली तिला वकील म्हणायच्या. तिचा घोटा मुरगळला होता, म्हणून आज ती फक्त बघत होती. तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग ते कानाला लावलं. "खरं तर केव्हाच संपायला हवं होतं!"

"बडबड बंद! मागे या! सगळ्या मागे!" सरांचा आवाज घुमला. "एक गोल आहे आपल्याकडे, तो सांभाळा! चेंडू मिळाला की हाणा भिंतीपलीकडे! वेळ जाऊ दे!"

सर म्हणजे डिंकीचे बाबा. वर्षभर ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि शाळेला सुट्टी लागली की मुलींच्या संघाला फुटबॉल शिकवायचे. लिफ्टच्या धंद्यात वेगाचं कौतुक कुणी करत नाही, ब्रेकचं करतात. बाबांनी तोच कायदा मैदानावर आणला होता. आपला गोल झाला रे झाला, की दाबा ब्रेक! "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," हे वाक्य त्यांनी या सुट्टीत इतक्या वेळा ऐकवलं होतं की मुली ते झोपेतही म्हणाल्या असत्या.

सातही जणी डिंकीच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. गोगलगायीनं चेंडू हाणला. ती धावायची गोगलगायीसारखी, पण तिची लाथ म्हणजे तोफ! चेंडू भिंतीवरून पलीकडच्या लॉन्ड्रीत पडला. कुणीतरी तो परत फेकला. पुन्हा पिवळ्या संघाचा हल्ला, पुन्हा चेंडू भिंतीपलीकडे, पुन्हा परत.

डिंकीला समोर काय दिसत होतं? पाठी! सात पाठी, चौदा पाय आणि त्यांच्यात घुसलेल्या पिवळ्या जर्सी. चेंडू कुठे आहे हे तिला कळायचं ते तो जाळीत गेल्यावर. एकदा तो गोगलगायीच्याच टाचेला लागून आत गेला. एक-एक! थोड्या वेळानं दुसरा आला, तो तिघींच्या पायांमधून सरपटत. एक-दोन!

आणि तेव्हा कुठे घंटा वाजली.

"चाळण! चाळण!" भिंतीवर बसलेली पोरं ओरडायला लागली. हीच पोरं महिन्यापूर्वी तिच्या नावानं टाळ्या पिटत होती. चेंडू हाताला डिंकासारखा चिकटतो म्हणून डिंकी हे नावही त्यांनीच ठेवलं होतं. डिंकीनं खाली मान घालून हातमोजे काढायला सुरुवात केली.

बाबा मात्र तरातरा घंटीकाकांच्या टेबलाकडे निघाले. घंटीकाका म्हणजे शाळेत चाळीस वर्षं घंटा वाजवून निवृत्त झालेले गृहस्थ. गळ्यात स्टॉपवॉच, पुढ्यात पितळी घंटा. या स्पर्धेत रेफरीकडे फक्त शिट्टी होती, वेळ सगळी काकांच्या हातात. बाबा हात नाचवत काहीतरी बोलत होते. काकांनी शांतपणे फाइल उघडून एक कागद पुढे केला. बाबांनी तो वाचला. पुन्हा वाचला. त्यांचे कान लाल झाले. काकांनी त्याच कागदाची दुसरी प्रत काढून दिली, ती बाबांनी घडी घालून खिशात कोंबली, आणि ते परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन.

"काय झालं, सर?" फटाकडीनं विचारलं. ती कॅप्टन होती, आणि तिला प्रश्न दाबून ठेवता येत नसे.

"काही नाही." बाबांनी कुणाच्याही डोळ्यांत पाहिलं नाही. "तीन सामने झाले. तिन्ही वेळा आपण पुढे होतो, तिन्ही वेळा शेवटी गोल खाल्ले. एक बरोबरी, एक कसाबसा विजय, आज हार. नशीब म्हणून फायनलला पोचलोय, तेही याच पिवळ्यांशी. चार दिवसांनी गोलमध्ये झिराफ उभी राहील."

"मी?" राखीव खेळाडूंच्या बाकावरून एक उंच, किडकिडीत मुलगी दचकून उठली. "सर, मी तर कधी सामन्यात..."

"ठरलं! स्वतःची मुलगी आहे म्हणून ठेवली, असं उद्या कुणी म्हणायला नको."

डिंकीच्या हातातला मोजा अर्धाच निघाला होता. तो तसाच राहिला.

घरी बाबा जेवताना लिफ्टच्या दोरांबद्दल बोलले. मग एका इमारतीच्या अडलेल्या दरवाजाबद्दल बोलले. सामन्याबद्दल एक अक्षर नाही!

"ते सर म्हणून बोलले गं, बाबा म्हणून नाही," आई ताटं उचलताना हळूच म्हणाली.

"मग बाबा म्हणून कधी बोलणार?" डिंकीनं विचारलं. आई मोरीकडे वळली. तिनं नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फटाकडी, वकील आणि डिंकी सायकली लावायच्या शेडमध्ये जमल्या. वकील लंगडत आली, पण डोळे चमकत होते.

"बेचाळीस मिनिटं!" ती म्हणाली.

"काय बेचाळीस?"

"कालचा दुसरा हाफ! पहिला बरोबर तीस मिनिटं चालला आणि दुसरा बेचाळीस! मी स्वतः मोजलंय. बाई, माझ्या घड्याळाची शपथ!"

"म्हणजे घंटीकाकांनी पिवळ्यांना बारा मिनिटं बक्षीस दिली?" फटाकडी ताडकन उठली. "लबाड म्हातारा! चला, आत्ताच्या आत्ता..."

"बस खाली!" वकिलीणबाईंनी तिला खेचलं. "पुराव्याशिवाय आरोप करायचा नसतो. आज दुसऱ्या दोन संघांचा मैत्रीचा सामना आहे आणि घंटा काकाच वाजवणार आहेत. आधी तो मोजू."

मोजला. पहिला हाफ तीस मिनिटं. दुसरा एकतीस. काकांनी तासाभरात जागचं बूडही हलवलं नाही की कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त एकदा त्यांनी स्टॉपवॉचचं बटण दाबलं, आणि मिनिटाभरानं पुन्हा दाबलं.

"तेव्हा काय झालं होतं?" डिंकीनं विचारलं. गोलकीपरला चेंडूवरून नजर हलवायची सवय नसते, त्यामुळे उत्तरही तिनंच दिलं. "चेंडू लॉन्ड्रीत गेला होता!"

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग फटाकडी पळतच सुटली, डिंकी तिच्या मागे, आणि "अगं थांबा, मला एकच पाय आहे!" असं कोकलत वकील दोघींच्या मागे.

लॉन्ड्रीच्या अंगणात दोऱ्यांवर इस्पितळाच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या. आत शेडमध्ये कपडे पिळायचं भलंमोठं यंत्र घरघरत होतं. लॉन्ड्री चालवणाऱ्या मावशींनी मुलींच्या निळ्या जर्सी पाहिल्या मात्र, त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"आलात? या, या! तुमच्याच संघाची वाट बघत होते! हे बघा तुमचे पराक्रम!"

शेडच्या दारावर खडूनं रेघा मारल्या होत्या. एक चेंडू, एक रेघ. धुतलेल्या चादरीवर चेंडूचा चिखल लागला की चादर पुन्हा धुवावी लागे, म्हणून मावशी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाकडे तक्रार करायला हिशेब ठेवत होत्या. प्रत्येक ओळीपुढे जर्सीचा रंग लिहिला होता. पिवळे, एक. लाल, दोन. हिरवे, एकही नाही. निळे: पहिल्या दिवशी सहा, दुसऱ्या दिवशी आठ, काल अकरा!

"आणि तेही शेवटी शेवटी," मावशी म्हणाल्या. "तुमचा गोल झाल्याचा आरडाओरडा ऐकू आला की मी पोरींना सांगते, चादरी काढा गं, आता आभाळ कोसळणार!"

"अकरा चेंडू," वकील पुटपुटली. "प्रत्येकी मिनिटभराहून थोडं जास्तच. म्हणजे बारा मिनिटं कुणी चोरली नाहीत. ती आपणच..."

"पण फुटबॉलमध्ये घड्याळ थांबत नसतं!" फटाकडी म्हणाली.

"इथे थांबतं," डिंकी म्हणाली. "चला काकांकडे."

घंटीकाका मैदानाच्या खोलीत घंटा सोन्यासारखी चकचकीत होईपर्यंत फडक्यानं पुसत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फाइल उघडली.

"दोन वर्षांपूर्वी एका संघानं पुढे गेल्यावर अर्धा सामना लॉन्ड्रीतच घालवला होता. तेव्हापासून हा नियम आहे. प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला. वाच."

वकिलीणबाईंनी मोठ्यानं वाचलं, "चेंडू लॉन्ड्रीच्या भिंतीपलीकडे गेल्यास तो मैदानात परत येईपर्यंत घड्याळ थांबवले जाईल. मी हा नियम वाचला आहे." खाली सही होती. ऐटबाज, वळणदार, शेवटी दोन टिंबं. ही सही डिंकीच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी असायची.

"सगळ्या प्रशिक्षकांनी सही केली," काका म्हणाले. "वाचली कितींनी, देव जाणे. सही करताना माणसं चष्मा खिशात ठेवतात!"

फटाकडीला हसू फुटलं. "म्हणजे सर आपल्याला वेळ घालवायला सांगत होते आणि वेळ जातच नव्हती? उलट आपण मागे येऊन पिवळ्यांना अंगावर घेत होतो, तेही बेचाळीस मिनिटं? अरे देवा! चल, सरांना सांगू. त्यांना कळलं की डिंकी परत गोलमध्ये!"

"त्यांना ठाऊक आहे की," काका सहज म्हणाले. "काल सामना संपल्यावर भांडायला आले होते. मी कागद दाखवला. त्यांची प्रतही दिली."

डिंकीला लाल झालेले कान आठवले, खिशात कोंबलेला कागद आठवला. बाबांनी तो कागद आधी वाचला होता. आणि नंतर, खिशात तो कागद असताना, येऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं की गोलमध्ये झिराफ उभी राहील! तीन सामने ती रोज रात्री उशीत तोंड खुपसून ते गोल पुन्हा पुन्हा बघत होती, आपला हात कुठे कमी पडला ते शोधत होती. बाबा शेजारच्याच खोलीत होते.

"हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी!" वकील कडाडली. "काका, मला याची नक्कल द्या. मी ती नोटीस बोर्डावर लावते!"

"नको," डिंकी म्हणाली.

"नको? अगं, खापर तुझ्या डोक्यावर फुटलंय!"

"ते स्वतः सांगतील. अजून तीन दिवस आहेत." डिंकीचा आवाज तिलाच परका वाटला. "तोवर फायनल जिंकायचं बघू."

तीन दिवस ती वाट बघत राहिली. सकाळी चहाच्या वेळी बाबा पेपरमागे लपायचे. संध्याकाळी ते झिराफला गोलमध्ये उभं करून चेंडू मारायचे आणि डिंकीला म्हणायचे, "तू जरा चेंडू आणून दे." ती आणून द्यायची. एकदा त्यांनी तोंड उघडलं. "डिंके..." डिंकीनं हातातला चेंडू खाली ठेवला. "...पंप कुठे ठेवलास?" ते म्हणाले.

आणि खेळायचं कसं, याबाबतीत तर कागद वाचूनही त्यांच्यात काडीचा फरक पडला नव्हता. भिंतीपलीकडे मारायचं तेवढं त्यांनी बंद केलं, कारण न सांगता. बाकी तेच. "गोल झाला की सगळ्या मागे! हातचं सोडून..."

"...पळत्याच्या पाठी लागू नये!" मुलींनी सुरात पूर्ण केलं. बाबा खूश!

खरी सभा मात्र सायकलींच्या शेडमध्ये भरली. या वेळी सगळा संघ होता.

"पण सरांचं चूक काय आहे?" गोगलगायीनं विचारलं. "आपण पुढे असलो तर जास्त माणसं मागे हवीतच. साधी गोष्ट आहे."

"मागे मी उभी असते, म्हणून सांगते," डिंकी म्हणाली. "तुम्ही सात जणी माझ्या अंगावर आलात की मला चेंडू दिसत नाही. त्या सामन्यातले दोन्ही गोल मी पाहिलेच नाहीत! आणि तुम्ही मागे आलात की त्यांच्या बचावातल्या मुलीही पुढे येतात. त्यांना भीतीच कुणाची? मागे कुणी नसतंच ना!"

"म्हणून सगळ्यांनी पुढे पळायचं?"

"सगळ्यांनी नाही. पण फटाकडी आणि अजून एक जण मधल्या रेषेवर उभ्या राहतील. काहीही झालं तरी! त्या दोघींना सांभाळायला त्यांच्या तिघी मागे अडकतील. आणि चेंडू मिळाला की हाणायचा नाही, पास द्यायचा. चेंडू आपल्याकडे असला तर त्या गोल कशानं मारणार, डोक्यातल्या उवांनी?"

सगळ्या खिदळल्या. कोपऱ्यात बसलेली झिराफ मात्र हसली नाही. "डिंकी, तुझी जागा मी मागितली नव्हती गं," ती म्हणाली.

"माहितीये. तू फक्त पुढे ये. गोलच्या रेषेवर खिळून राहू नकोस. आणि ओरड! गोलकीपरचा निम्मा खेळ तोंडात असतो." डिंकीनं आपले हातमोजे तिच्या मांडीवर ठेवले. ते ठेवताना तिला किती जड गेलं, हे तिनं कुणाला कळू दिलं नाही.

"एक घोळ आहे," फटाकडी म्हणाली. "सर कडेला उभे राहून 'मागे या' ओरडणार. त्यांचा तो आवाज! आपले पाय आपोआप मागे जातात."

"त्याची सोय मी करते," वकील म्हणाली, आणि लंगडत लॉन्ड्रीच्या दिशेनं निघाली.

फायनलच्या दिवशी मैदानाच्या चारी बाजूंना माणसं उभी होती. निळ्यांनी सुरुवातच अशी केली की पिवळ्यांना दम घ्यायला फुरसत मिळाली नाही. दहाव्या मिनिटाला फटाकडीनं गोल केला. हाफ टाइमच्या आधी दुसरा! दोन-शून्य!

"शाब्बास! आता विषय संपला," बाबा पाण्याच्या बाटल्या वाटत म्हणाले. "आता कुणी मधली रेषा ओलांडायची नाही. कळलं?"

"हो, सर!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. इतक्या एका सुरात, की शहाण्या माणसाला शंका यावी.

दुसरा हाफ सुरू झाला. फटाकडी आणि तिची जोडीदार मधल्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या त्या तिथेच.

"मागे!" बाबांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून घर्रर्रर्र असा प्रचंड आवाज उठला. लॉन्ड्रीतलं पिळायचं यंत्र! मैदानाकडच्या शेडच्या सगळ्या खिडक्या आज सताड उघड्या होत्या, आणि एका खिडकीत मावशी हाताची घडी घालून आरामात सामना बघत उभ्या होत्या.

"मागे या!" बाबा घसा फोडून ओरडले. फटाकडीनं कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येत नाही, सर!

"हे काय चाललंय?"

"इस्पितळाच्या चादरी आहेत, सर!" वकील त्यांच्या कानात किंचाळली. "रोगी माणसांच्या! थांबवता येत नाही! पंचवीस मिनिटं चालतं ते!"

बाबा कडेनं वर-खाली पळत राहिले, दोन्ही हातांनी मुलींना मागे खेचत राहिले. मुलींनी हात बघितलेच नाहीत. पिवळ्यांच्या तिघी त्या दोघींभोवती अडकून पडल्या होत्या, डिंकी म्हणाली होती तशाच. झिराफ पुढे येऊन दोन चेंडू उचलून गेली. पण मग पंधराव्या मिनिटाला पिवळ्यांनी उजवीकडून जोरदार फटका मारला आणि तो थेट जाळीत गेला. दोन-एक.

बाकावरची डिंकी पुढे सरकून बसली. योजना तिची होती. आता हरलो तर हाही गोल तिचाच! मैदानात गोगलगाय डगमगली, मागे सरकायला लागली. तिच्याबरोबर आणखी दोघी. फटाकडीनं मधल्या रेषेवरून हात उंच केला आणि ती जागची हलली नाही. गोगलगायीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि चेंडू हाणायच्या ऐवजी तिला पास दिला. जमलं! चेंडू पुन्हा पिवळ्यांच्या बाजूला गेला.

आणि यंत्र थांबलं.

एकदम इतकं शांत झालं की मैदानावरच्या बुटांचे आवाज ऐकू यायला लागले. शेवटची पाच मिनिटं उरली होती. बाबांनी छाती भरून श्वास घेतला.

"बाबा," डिंकी म्हणाली. "या हाफमध्ये भिंतीपलीकडे एकही चेंडू गेला नाही. घड्याळ चालू आहे."

बाबांनी घेतलेला श्वास तसाच सोडला. ते हळूहळू तिच्याकडे वळले.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही नाही सांगितलंत."

बाबांचे कान पुन्हा लाल झाले. ते तिच्या शेजारी बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. मग खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "जा, मोजे घाल. शेवटची पाच मिनिटं तू उभी राहा. मी रेफरीला सांगतो."

चार दिवस ती याच शब्दांसाठी जीव टाकत होती! तिचे पाय उठायला निघालेही. पण समोर झिराफ घसा ताणून ओरडत होती, "डावीकडे! डावीकडची सोडू नका!" आणि डिंकीला दिसलं की आत्ता ती आत गेली, तर झिराफ बाहेर येईल, मान खाली घालून, आणि भिंतीवरची पोरं तिला काहीतरी नाव ठेवतील.

"ती चांगली खेळतेय," डिंकी म्हणाली. "तिला का काढायचं?"

बाबा बाकावरच बसून राहिले. पाच मिनिटं ते एक शब्दही ओरडले नाहीत. शेवटून दुसऱ्या मिनिटाला फटाकडीनं तिघींमधून वाट काढली आणि चेंडू कोपऱ्यात सारला. तीन-एक! पाठोपाठ घंटा वाजली, मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, आणि वकील मुरगळलेल्या पायावर नाचून नंतर रडली.

बक्षीस समारंभाला मंडळाचे अध्यक्ष उठले. औषधांच्या दुकानाचे मालक, बोलायला लागले की थांबायचं औषध नाही. "दोन गोलांनी पुढे असतानाही शेवटच्या क्षणापर्यंत हल्ला! काय हे धाडस! प्रशिक्षकांच्या या डावपेचाला माझा सलाम!" टाळ्या पडल्या. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. माइक बाबांच्या हातात आला.

आता सांगतील, डिंकीला वाटलं. आता तर जिंकलोय. आता सांगायला काय जातंय?

"श्रेय मुलींचं आहे," बाबा म्हणाले. "आणि एक विशेष उल्लेख." त्यांनी डिंकीला जवळ बोलावून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हिचे तीन सामने वाईट गेले. पण तक्रार न करता ही बाकावर बसली, तिनं मैत्रिणीला आपले मोजे दिले. याला म्हणतात खिलाडूवृत्ती!"

"वा! वा!" अध्यक्ष म्हणाले. पुन्हा टाळ्या, या वेळी जास्त. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. डिंकीचं एवढं कौतुक आजवर कधीच झालं नव्हतं, आणि ते ऐकून तिच्या तोंडाला कडू चव आली. तिनं न केलेल्या चुकीबद्दल सगळं गाव तिला माफ करत होतं!

ती बाबांच्या हाताखालून निघाली आणि घंटीकाकांच्या टेबलाशी गेली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि न विचारता फाइलमधला कागद काढून दिला. तो घेऊन ती परत आली.

"बाबा, हा वाचून दाखवा ना," ती म्हणाली. माइक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

बाबांनी कागद पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. 'इथे नको,' असं त्यांचे डोळे म्हणत होते. डिंकी हलली नाही.

बाबांनी वाचलं. सुरुवातीला आवाज नेहमीचा होता, मग तो खाली खाली गेला. "...घड्याळ थांबवले जाईल. मी हा नियम वाचला आहे." ते थांबले. "खाली सही माझी आहे. मी वाचलं नव्हतं. चेंडू बाहेर मारायला मीच सांगत होतो, आणि सगळ्यांना मागेही मीच ओढत होतो. मागच्या सामन्यानंतर मला हे कळलं, तरी मी..." त्यांनी घसा साफ केला. "ते गोल हिच्यामुळे झाले नाहीत."

कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. पहिली टाळी घंटीकाकांनी वाजवली. मग मावशींनी, खिडकीतून. मग सगळ्यांनीच. "धीट पोर आहे!" अध्यक्ष म्हणाले. "कमाल आहे हिची, सगळ्यांसमोर कागद आणून दिला!" आणि डोळे टिपणाऱ्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "पण बापाला असं चारचौघांत?" दोन्ही वाक्यं डिंकीनं ऐकली. तिला वाटलं होतं, हे झालं की छातीवरचा दगड उतरेल. दगड उतरला, पण बाबांचा उतरलेला चेहरा तिला बघवेना.

घरी जाताना बाबा चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून दोन पावलं पुढे चालत होते. रोज ते तिला निम्मे चेंडू धरायला द्यायचे. आज सगळे त्यांनीच उचलले होते. औषधांचं दुकान गेलं, सायकलींची शेड गेली. इमारतीच्या दाराशी बाबा थांबले.

"मला घरी विचारलं असतंस, तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"चार दिवस वाट बघितली, बाबा," डिंकी म्हणाली. "घरीच होते मी."